अठरावं कलम

डोंगराच्या माणसांत एक रीत होती. एखादी गोष्ट मान्य असेल, तर उभं राहून चारचौघांत मोठ्याने ‘दिलं’ म्हणायचं. मान्य नसेल, तर गप्प बसायचं. दारी आलेल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांच्यात असभ्य समजत. पंचवीस वर्षांपूर्वी दगड काढणारी कंपनी आली, सुनावणी झाली, अधिकाऱ्याने तीनदा विचारलं, ‘कोणाची हरकत?’ सगळं गाव गप्प. इतका ठाम नकार त्या गावाने आजवर कोणाला दिला नव्हता. अधिकाऱ्याने ‘हरकत नाही’ असं लिहिलं आणि अर्धा डोंगर कंपनीच्या घशात घातला.

त्या दिवशी पहिल्या रांगेत गप्प बसलेला एक माणूस गावातल्या एका लहान मुलीचा बाप होता. काय झालं ते कळल्यावर तो पार खचला. मी तोंड उघडायला हवं होतं, एवढंच घोकत राहिला आणि तीन वर्षांत गेला. उरलेल्या अर्ध्या डोंगरावर, जिथे त्यांची सगळी माणसं पुरलेली होती, तिथेच त्यालाही पुरलं.

त्या मुलीने डोळे पुसले आणि मोठी होताच टायपिंग शिकायला गेली. रडून मन हलकं करावं असं तिला वाटत नव्हतं. तिला सूड हवा होता.

कंपनीच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तिने अकरा वर्षं काढली. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ती फारसं बोलत नसे, म्हणून सगळे तिला मागून ‘मुकी’ म्हणत. तिच्या डोंगराच्या फरश्या जहाजात बसून सातासमुद्रापलीकडच्या हॉटेलांत जात होत्या. त्यांची बिलं तीच टाइप करायची. आणि त्याच कामात एकदा कंपनीचा गावाशी झालेला जुना करार पुन्हा टाइप करताना तिने अठरावं कलम वाचलं. एका पक्षाच्या नोटिशीवर दुसऱ्याने तीस दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर त्याची संमती आहे असं धरलं जाईल. याच कलमावर कंपनीने गावाचं कुरण घेतलं होतं, रस्ता घेतला होता, झरासुद्धा घेतला होता. दुसरा पक्ष म्हणजे कोण, हे लिहायचं मात्र कंपनीचे हुशार वकील विसरले होते. गाव कधी नोटीस पाठवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

यंदा करार संपत होता आणि उरलेल्या अर्ध्या डोंगरासाठी नवी यंत्रं येऊन उभी होती. तिने घरी बसून नोटीस लिहिली: मुदत संपताच सगळा डोंगर गावाचा, कंपनीने यंत्रं हलवावीत. गावाचा प्रमुख तिचा मामाच. त्याने अंगठा उठवला आणि स्वतः येऊन लिफाफा तिच्या टेबलावर दिला. तिने शिक्का मारला, नंबर घातला, ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवला. कामात कसूर अशी केली नाही.

पुढचे तीस दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. साहेबांचा हात ट्रेकडे गेला की ती टाइप करता करता थांबायची. पण गावाकडून आलेलं पाकीट साहेब कशाला फोडतील? एकोणिसाव्या दिवशी त्यांनी ते उचलून समोर घेतलं. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

एकतिसाव्या दिवशी सकाळी तिने नोटिशीची प्रत आणि अठरावं कलम त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी आधी हसत वाचलं, मग न हसता. वकिलाला फोन लावला. वकील पलीकडून बराच वेळ बोलत होता आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळत होतं. तिला ते बघताना फार बरं वाटलं. अकरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

फोन ठेवून साहेबांनी दार लावून घेतलं. एरवी ‘ओ बाई’ म्हणणारा माणूस आज एकदम नात्यावर आला.

“ताई, हरकतीचं पत्र मी आत्ता लिहून देतो. तुम्ही फक्त मागच्या आठवड्याचा शिक्का मारा. एवढं कराल ना?”

ती गप्प राहिली. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, घाईघाईने पत्र खरडलं, तिच्या पुढ्यात सरकवलं, शिक्काही स्वतःच्या हाताने तिच्या हाताशी आणून ठेवला.

“नाही,” ती म्हणाली.

तिच्या घराण्यात हा शब्द आजवर कोणी कोणाच्या तोंडावर उच्चारला नव्हता. तिची जीभ जराशी अडखळली.

साहेब बघतच राहिले. “म्हणजे?”

“हे बाबांचं होतं. तेव्हा राहून गेलं,” ती म्हणाली. मग तिने शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश, चवीने म्हणाली, “नाही. हे माझं.”