डबा काढा, मला मिटू द्या

मित्रांनो, गोदामामागे भंगारात एका बाजूने काळाठिक्कर पडलेला लोखंडी दरवाजा दिसला, तर तो मीच. नाक मुरडू नका. आधी माझी हकिकत ऐका.

पोलादाचे दोन पत्रे आणि त्यांच्या मधे आगीला दाद न देणारे भरण, असा माझा देह. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, गोदाम आणि पॅकिंग विभाग यांच्या मधल्या भिंतीत मला बसवले. कोणी ये-जा केली, की आपोआप बंद व्हायचे. पलीकडे आग लागली, तर अलीकडची माणसे बाहेर पडेपर्यंत तिला थोपवायचे, एवढेच माझे काम.

कारखान्याची फिटर एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. रोज सकाळी ती मला पूर्ण उघडून सोडून द्यायची आणि मोजायची. सात आकडे होईपर्यंत मी चौकटीत घट्ट बसलोच पाहिजे. रेंगाळलो, तर बिजागऱ्यांना तेल आणि मला आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरच्या स्क्रूला अर्धा फेरा. कामावर असताना तिने एकही सकाळ चुकवली नाही.

बाकीच्यांना माझा जाचच होई. दोन्ही हातांत गठ्ठे आणि मी तोंडावर बंद! म्हणून मी उघडाच राहावा यासाठी मुकादमाने वाळूने भरलेला रंगाचा डबा माझ्या पायाशी अडसर म्हणून लावला. ताई तो काढायची, मुकादम पुन्हा लावायचा.

"ताई, या दरवाजाशी संसार थाटलाय काय?"

"थाटलाही असता. सांगितलेलं ऐकतो तरी!"

"उद्या साहेबांना सांगून क्लोजरच काढायला लावतो."

"लावा की. मग आग लागली, की दारात तुम्ही उभे राहा."

दुसऱ्या दिवशी, साहेब यायच्या आधीच, गोदामातल्या पंख्याची वायर जळली आणि पुठ्ठ्याने पेट घेतला. मुकादम खोकत खोकत माझ्यातून बाहेर आला. पाठोपाठ धूर. पॅकिंगमध्ये चौतीस माणसे होती. मी बंद व्हायला धडपडत होतो; पण पायाशी तो डबा!

ताई धावत आली. "आत कोण राहिलंय?"

"कोणी नाही. मीच शेवटचा!"

तिने लाथ मारून डबा उडवला. सात आकडे होण्याआधीच मी चौकटीत बसलो.

पाऊण तास मी आग अडवली. पलीकडे माझा रंग फोडांसारखा फुगला, पत्रा वाकला. अलीकडे चौतीसच्या चौतीस माणसे अंगणात सुखरूप उभी होती. बंबाबरोबर आलेल्या प्रमुखाने मला निरखून विचारले, "हा दरवाजा कोण सांभाळतं?" मुकादमाने मान खाली घालून ताईकडे बोट दाखवले.

माझे कौतुक पुष्कळ झाले. पण मित्रांनो, मी आग अडवू शकतो. माझ्या पायातला डबा मला काढता येत नाही. तो तुम्हीच काढायचा, आणि मुळात ठेवायचाच नाही.

आता माझ्या जागी नवा दरवाजा आहे. गोदामाच्या खिडकीतून मला तो दिसतो. गेल्या आठवड्यात ताई रजेवर होती. सकाळी मुकादम आला, हातातले गठ्ठे खाली ठेवले, दरवाजा पूर्ण उघडून सोडून दिला आणि मोठ्याने मोजू लागला, "एक, दोन, तीन…"