चढावर मान टाकणारी गाडी

फोरमनच्या मते गाडीतलं खरं कळणारी माणसं जगात फार तर दोन होती, आणि त्यातला दुसरा केव्हाच वारला होता. उरलेले सगळे नुसते नट फिरवणारे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्ली त्याला फोरमनच म्हणत असे, आणि जे म्हणत नसत त्यांना तो ओळख देत नसे.

अशा माणसाची स्वतःची गाडी चढावर मान टाकायला लागली. नाकच कापलं म्हणायचं. सपाटीवर गाडी उत्तम; घराभोवती फिरवा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्या, कुरकुर नाही. पण गल्ली संपून पुलाचा चढ लागला की खोकायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. थोडं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. आणि रविवारी तर घाट ओलांडून लेकीकडे जायचं होतं, नातीला सुट्टीसाठी घेऊन यायला. आजोबा स्वतः गाडी चालवत येणार, असा त्यानं तिला फोनवर शब्द देऊन टाकला होता.

आधी गॅरेजवाल्यानं अकलेचे तारे तोडले. फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला आणि हात पुसत म्हणाला, “काका, गाडीचं वय झालंय आता.”

“गाडीचं वय नाही झालं, तुझ्या डोक्याला गंज चढलाय,” फोरमन म्हणाला.

मग जावयाचा फोन. म्हणे गाडी विकून टाका आणि टॅक्सीनं फिरा. फोरमननं फोन मुकाट्यानं बायकोच्या हातात दिला. ज्याला पंक्चर झालेलं चाक बदलायला माणूस बोलवावा लागतो, त्याच्याशी बोलून तोंड कशाला खराब करायचं?

शनिवारी सकाळी तो बाह्या सरसावून बॉनेटखाली वाकला. बायको नेहमीसारखी टॉर्च धरून शेजारी उभी. लग्न झाल्यापासून गाडीतलं तिचं काम एवढंच: टॉर्च धरायचा, सांगितलं की आत बसून स्टार्टर मारायचा, आणि बाकीचा वेळ ऐकून घ्यायचं.

“नीट धर की. काही दिसत नाही.”

“नीटच धरलाय.”

“मग सेल संपलेत.”

सेल तिनं कालच बदलले होते.

“ऐक,” फोरमननं शिकवणी सुरू केली. “सपाटीवर पळते, म्हणजे पेट्रोल येतंय. चढावर मरते, म्हणजे येतंय ते पुरत नाही. चढावर इंजिनाला भूक जास्त. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं ते पिऊन टाकतं आणि मागून भर पडत नाही. थांबलं की वाटी हळूहळू भरते, की बाईसाहेब पुन्हा तयार. पण तुला सांगून काय उपयोग म्हणा!”

“सांगा की,” बायको म्हणाली.

त्यानं टाकीचं झाकण पाहिलं. हवा जायचं भोक बुजलं तर टाकी पेट्रोल सोडत नाही. पण भोक मोकळं होतं. मग कार्ब्युरेटरचा पाइप काढून बाटलीत धरला आणि तिला स्टार्टर मारायला लावला. धार यायला हवी होती, तिथे नुसतं ठिबकत होतं. म्हणजे कार्ब्युरेटरचा काही दोष नव्हता, त्या गाढवानं तो उगाच खोलला. पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला, ओढ चांगली लागली. पंपही ठीक. राहिला टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप.

खाली कोपऱ्यात, लोखंडी नळी संपून रबरी पाइप सुरू होतो तिथे, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मागेही ती हाताला लागली होती, पण गॅरेजवाल्याचं ठिगळ म्हणून त्यानं नाक मुरडलं होतं. आज त्यानं तिच्यावरून बोटं फिरवली. खाली काहीतरी टणक होतं. पट्टी सोलली तर आत तार निघाली, रबरावर वेढे घालून आवळलेली. पाइप तिथे चिमटला होता, पण पुरता नाही. घराभोवती फिरण्यापुरतं पेट्रोल जाईल इतपत फट कुणीतरी राखली होती.

फोरमनचं डोकं सणकलं. “हरामखोर! गाडी पुन्हापुन्हा आपल्या दारात यावी म्हणून केलंय त्यानं. आत्ताच्या आत्ता जाऊन त्याची...”

“त्यानं नाही,” बायको म्हणाली. “मी बांधली.”

फोरमन हसला. अगदी मनापासून हसला. “तू? तुला पंप कुठला नि फिल्टर कुठला ते तरी कळतं का?”

“चढावर इंजिनाला भूक जास्त,” ती म्हणाली. “इतकी वर्षं टॉर्च धरून मी काय झोपा काढत होते? पहिल्यांदा फार आवळली गेली, गाडी सुरूच होईना. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा सैल केली.”

“पण का?”

तिनं टॉर्च बंद केला. “गेल्या महिन्यात शाळेसमोर मी हँडब्रेक ओढला होता.”

“भर रस्त्यात! चाकं घसरली असती. तेव्हाच सांगितलं तुला.”

“घरी येईपर्यंत सांगत होतात. चाक कसं घसरतं, काय काय झिजतं. समोर रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर एक मुलगी होती, आपल्या नातीएवढी. तिच्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तेव्हा मला कळलं, तुम्हाला ती दिसलीच नव्हती.”

फोरमननं तो रस्ता आठवून पाहिला. शाळेचं फाटक आठवलं, हँडब्रेकचा करकराट आठवला. मुलगी कुठेच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्याच हातांची भीती वाटली.

“तोंड नव्हतं का सांगायला?” तो कसाबसा म्हणाला.

“डोळे तपासा म्हटलं, तर डॉक्टर मूर्ख ठरला. चावी लपवली असती तर घर डोक्यावर घेतलं असतंत. गाडी बिघडलेली तेवढी तुम्हाला चालते. उद्या ती पोर तुमच्या शेजारी बसलेली मला बघवणार नाही. बस्स.”

रस्त्यावरून जाताना कुणीतरी फोरमनला हात केला. कोण ते त्याला कळलं नाही. त्यानंही हात केला.

मग तो पुन्हा वाकला आणि बराच वेळ ती तार चाचपत राहिला.

“पीळ बघ कसा दिलाय,” शेवटी तो म्हणाला. “हादऱ्यानं सुटेल हा. आणि असली बारीक तार रबराला कुणी बांधतं? रबर कापेल, पेट्रोल गळेल, आग लागेल. काडीची अक्कल नाही.”

“मग?”

“पक्कड दे. आणि डब्यातली ती स्क्रूवाली रुंद पट्टी. टॉर्च लाव.”

त्यानं तार काढून फेकली, तिच्या जागी पट्टी बसवली, पाइप पुन्हा चिमटेपर्यंत स्क्रू पिळला आणि बायकोला गाडी सुरू करायला सांगितली. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला. मग स्क्रू आणखी थोडा पिळला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, उद्या किती वाजता निघताय?”

“निघत नाही. गाडीला पेट्रोल चढत नाहीये. तुम्हीच बसनं या.”

“बिघाड कुठे आहे ते सापडलं का?”

बायको ज्या खुर्चीत बसली असावी असं त्याला वाटलं, त्या दिशेनं फोरमननं पाहिलं.

“सापडणार कसा?” तो म्हणाला. “गॅरेजवाला महामूर्ख आहे.”