विहिरीतलं मीठ

बांधावर उभं राहिलं की केसरबाईला वरच्या अंगाचं सगळं दिसायचं. महादेवप्पाची विहीर, विहिरीच्या कडेला महादेवप्पा आणि त्याच्या घरचा चहा फुंकून पिणारी ती सोलापूरची नाजनीन मॅडम.

"बघितलं का? चहा चाललाय," ती नवऱ्याला म्हणाली.

ईश्वर कडब्याची पेंढी सोडत होता. "मग काय उन्हात उभी पोरगी चहाबी पिऊ नये? काल आपल्याकडं पिलीच की."

"आपल्याकडं अर्धा कप पिली. तितं भरून पितीया."

नाजनीन आली होती ती पाण्याच्या अभ्यासाला. बोरी नदीच्या दोन्ही काठांच्या विहिरींत फीत सोडायची, पाणी किती खोल गेलं ते बघायचं, कुठल्या खडकातून येतं ते शोधायचं, हे तिचं काम. पण केसरबाईच्या वस्तीला एकच प्रश्न पडला होता. महादेवप्पानं आपल्या विहिरीत आडवे बोअर मारून घेतल्यापासून केसरबाईच्या विहिरीचं पाणी पायरी पायरीनं खाली चाललं होतं, आणि वस्तीतली सगळी घरं तिच्याच विहिरीवर प्यायचं पाणी भरत. ग्रामसभेत दोघांची जुंपली तेव्हा महादेवप्पा उठून म्हणाला होता, "दोन्ही विहिरींचा झरा एकच हाय असं शास्त्रानं दाखवावं. त्या दिवशी उन्हाळ्यापुरती माझी मोटर बंद. न्हाय दाखवलं, तर केसरक्कानं पुन्हा माझं नाव घ्यायचं न्हाय."

नाजनीन म्हणाली होती, "वरच्या विहिरीत ट्रेसर सोडते. खालच्या विहिरीत आला तर झरा एकच."

ट्रेसर म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. ईश्वर म्हणाला, काहीतरी औषध असंल.

आणि आता केसरबाई बघते तर काय, चहा संपवून दोघांनी मिळून मिठाचं पोतं फोडलं. पिंपात पाणी, पाण्यात मीठ, काठीनं ढवळून सगळं विहिरीत. त्याआधी महादेवप्पानं चपला काढल्या आणि पाण्याला हात जोडले.

केसरबाईला हे ओळखीचं होतं. तांब्यात पाणी घेऊन त्यात मीठ सोडलं की ती शपथ. जो शब्द मोडील तो मिठासारखा विरघळून जाईल. भावकीचे तंटे त्यावर मिटलेत, निवडणुकीत माणसं त्यानं बांधली गेलीत. पण तांब्यात चिमूटभर. अख्ख्या विहिरीत पोतंभर मीठ सोडून शपथ घेणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

"हे पाणी माझंच म्हणून मीठ सोडलं त्यानं," ती ईश्वरला म्हणाली. "आन ती बाई साक्षीला. शास्त्र म्हणं. हे कसलं शास्त्र?"

"अगं, विचार की जाऊन तिला."

"चोराला विचारू, चोरी केली का म्हणून?"

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. एवढ्या मोठ्या शपथेला आपल्याकडून जबाब गेला नाही तर विहीर गेलीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता ती लोणच्यासाठी आणलेल्या खडेमिठाची बरणी घेऊन विहिरीवर गेली. नाजनीननं दोरीला बांधून सोडलेलं यंत्र पाण्यात लोंबत होतं. त्याच्या शेजारीच तिनं बरणी उपडी केली.

"हे पाणी वस्तीचं हाय," ती खाली बघत म्हणाली. "यात मी काय खोटं बोलले तर अशीच विरघळून जाऊ दे मला."

मीठ पाण्यात गेलं आणि तिला जरा बरं वाटलं.

ऊन चढल्यावर नाजनीन आली. यंत्र वर काढून तिनं आकडे बघितले, पुन्हा बघितले, आणि माणूस पाठवून महादेवप्पाला बोलावून घेतलं.

"मावशी, आला ट्रेसर," ती म्हणाली. "इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या विहिरीत मीठ आलंय."

"मीठ?"

"मीठच ना ट्रेसर. वरच्या विहिरीत मीठ सोडलं. ते खडकाच्या फटीतून तुमच्याकडे येतं का, ते हे यंत्र सांगतं. पाणी खारट झालं की आकडा वाढतो."

केसरबाईला आपली बरणी आठवली. महादेवप्पानं विहिरीत डोकावून बघितलं. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला कळेना. मग तो म्हणाला, "शास्त्र बोललं. मोटर बंद." आणि सरळ घराकडं चालू लागला. भांडला नाही, शिवी दिली नाही. ते तिला जास्तच लागलं.

ईश्वरला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मोटर बंद झाली न्हवं? देवानंच दिलं म्हणायचं."

सप्ताह चालू होता. संध्याकाळी ती मारुतीच्या देवळात कीर्तनाला जाऊन बसली. बुवा रंगात आले होते. म्हणत होते, "देवाशी मागणं मागताना माणूस फार गोड बोलतो हो. पण देव काय बघतो? मघाशी शेजाऱ्याशी काय बोललास, ते बघतो." मृदंग उठला, टाळकरी दोन पावलं पुढं आले, सगळं देऊळ विठ्ठल विठ्ठल करत टाळीवर आलं. कीर्तनात केसरबाईची टाळी सगळ्या बायकांच्या वर ऐकू यायची. आज हात मांडीवरून उठेनात. खोटं बोलले तर, असं आपल्याच तोंडानं म्हटलं होतं. अजून ती बोलली काहीच नव्हती, पण गप्प बसून जे झालं ते खोटंच की.

सकाळी नाजनीन आणि महादेवप्पा दोघंही तिच्या विहिरीवर असताना तिनं सांगून टाकलं. "आकडा माझ्या मिठाचा हाय. मी टाकलं. बरणीभर, शपथंचं."

नाजनीनचा चेहरा उतरला. महादेवप्पा मात्र खाली बसून हसायलाच लागला. "म्हणजे मी शपथ घेतली असं वाटून तुमी घेतली?"

"हात कशाला जोडले मग?"

"गंगा हाय, केसरक्का. चप्पल घालून मीठ टाकू?"

मग तो हसायचा थांबला. "आता कसं कळणार? तुमचं मीठ कुटलं, माझं कुटलं?"

"विहीर पूर्ण उपसावी लागेल," नाजनीन म्हणाली. "तळातून जे नवं पाणी पाझरेल तेच तेवढं मोजायचं. वरची मोटर तोवर बंद हवी."

"संध्याकाळपर्यंत ठेवतो बंद," महादेवप्पा म्हणाला. "पुढचं पुढं."

केसरबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. तळाशी राहिलेलं पाणी म्हणजे वस्तीचं होतं नव्हतं ते सगळं. तेही उपसून टाकायचं? हीच तर यांची चाल नसेल? झरा आला नाही तर उद्या बायका कळशा घेऊन कुणाच्या दारात जातील?

"मावशी, बळजबरी नाही," नाजनीन म्हणाली.

"बळजबरी माझीच मला हाय," केसरबाई म्हणाली. "घागरी, हंडे भरून घेते. मग लावा इंजिन."

आधी वस्तीनं मिळेल ती भांडी भरून घेतली. मीठ पडलेलं पाणी आंघोळीला चालेल, असं नाजनीन म्हणाली. उरलेलं पाणी इंजिननं शेतात ओतलं. तळाचा गाळ उघडा पडला, तशी वस्तीतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून निघून गेली. महादेवप्पा कठड्यावर बसला तो हललाच नाही. केसरबाईनं चहा आणला.

"नको," तो म्हणाला. "हितून उठलो आन तुमी पुन्हा बरणी उपडी केली तर?"

"बसा की मग. मीबी बसते. तुमच्या खिशात काय हाय कुणाला ठावं."

दोघं समोरासमोर बसून राहिले. ऊन कलायला लागलं तरी तळ कोरडाच. केसरबाई मनात नाम घेत होती, पण डोळे महादेवप्पाच्या हातावरून हलत नव्हते. मग उगवतीच्या बाजूला, कपारीखाली, खडक ओला दिसला. ओल वाढली. बोटाएवढी धार गाळात उतरू लागली.

नाजनीन शिडीनं खाली उतरली. बाटली धारेखाली धरली, यंत्र बुडवलं, धार अजून वाहू दिली, पुन्हा बुडवलं. वर येऊन तिनं यंत्र आधी महादेवप्पापुढं धरलं.

"मीठ सोडायच्या आधी या विहिरीचा आकडा याच्या अर्ध्याहून कमी होता. हे खडकातून आलंय. वरून."

महादेवप्पानं आकडा बघितला. मग कपार बघितली, मग वर आपल्या उसाकडं बघितलं. त्याचा फोन वाजला. पलीकडून पोरगा विचारत असावा, संध्याकाळ झाली, मोटर लावू का.

"ब्याड," नको, असं तो पोराला कानडीत म्हणाला. "चालू माडब्याड. आज न्हाय, उद्याबी न्हाय."

फोन त्यानं खिशात टाकला. मग नाजनीनच्या हातातल्या बाटलीकडं बोट दाखवून म्हणाला, "दे बघू." एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"खारट हाय जरा," तो म्हणाला.

"तुमचंच हाय," केसरबाई म्हणाली.