न झाडलेल्या परसाची शाबासकी

अक्का निवृत्त झाली तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी तिला एक गुबगुबीत खुर्ची भेट दिली. "सिस्टर, आता निवांत बसा," म्हणाले. पण बसणं तिच्या नशिबातच नव्हतं. उभा जन्म वॉर्डातल्या खाटांमधून चालण्यात गेलेला. त्या खुर्चीवर ती इस्त्रीचे कपडे ठेवायची. अर्ध्या गावाला तिने कधी ना कधी सुई टोचली होती, त्यामुळे रस्त्याने जाताना जो तो तिला सिस्टर म्हणायचा. ज्याची ती खरोखरीची बहीण होती, तो धाकटा भाऊ मात्र कित्येक वर्षं तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

भांडण झालं होतं एका कुत्र्यावरून. आई गेली, आणि मागे तिचा लाडका कुत्रा राहिला, गोटू. अक्काच्या दवाखान्यातल्या पाळ्या विचित्र, कधी रात्री तर कधी पहाटे, म्हणून गोटू भावाकडे गेला. भावाचा धंदा कुलूप-किल्ल्यांचा. कुणाचं दार अडकलं की पेटी उचलून पळायचं. एक दिवस अक्का गोटूला भेटायला गेली तर पट्टा खुंटीला आणि कुत्रा गायब. "गावाबाहेरच्या बेकरीवाल्याला दिला," भाऊ म्हणाला. "त्याच्याकडे मोकळी जागा आहे." अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बरं झालं आई आधीच गेली," ती म्हणाली, "नाहीतर तिलाही देऊन टाकलं असतंस." शब्द तोंडातून सुटला तो सुटलाच. त्याने दार उघडून धरलं, ती बाहेर पडली, आणि तेव्हापासून दोघांचीही तोंडं शिवल्यासारखी बंद झाली.

मग या पानगळीत औषधाच्या दुकानात तिला कळलं, की भाऊ शिडीवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. औषधवाल्याने सहज सांगितलं. तिला ठाऊक असणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. अक्कानेही "हो ना" म्हणून मान डोलावली आणि घरी येऊन इस्त्रीचे कपडे खुर्चीवरून खाली टाकून त्या खुर्चीत बसली. पहिल्यांदाच.

जायचं तर खरं, पण जाऊन म्हणायचं काय? "कसा आहेस" म्हणावं तर इतकी वर्षं का विचारलं नाही? "चुकलं माझं" म्हणावं तर ते शब्द तिच्या जिभेला सवयीचे नव्हते. शेवटी तिला परस आठवलं. भावाच्या घरामागे चांगलं ऐसपैस परस होतं आणि शेजारच्या आक्रोडाच्या अर्ध्या फांद्या त्यात वाकलेल्या. पानगळ लागली की गुडघ्याएवढा खच पडायचा, आणि भावाला तर अंगणात काडी पडलेली खपत नसे. प्लास्टरातला पाय घेऊन तो काय पानं ओढणार! आपण जावं, न बोलता पानं गोळा करावी आणि न बोलता परत यावं. पानांशी बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं दाताळं घेऊन बसमध्ये चढली. दात वर केले तर छताला लागत होते, खाली केले तर लोकांच्या पोटऱ्यांना. "सिस्टर," ड्रायव्हर म्हणाला, "आता इंजेक्शनं एवढी मोठी झाली का?" सगळी बस हसली. अक्का हसली नाही.

भावाच्या घराच्या मागच्या फाटकाला नेहमीप्रमाणे कुलूप नव्हतं. साऱ्या गावाला कुलपं विकली, पण स्वतःच्या फाटकाला साधी कडी लावायला त्याला सवड झाली नव्हती. अक्का आत शिरली आणि थबकली.

गुडघ्याएवढा खच कुठे होता? आक्रोडाखाली कालपरवाची थोडी पानं पडलेली, बाकी परस लख्ख. कडेला तीन पोती भरून तोंडं बांधून ठेवलेली. भाजीच्या वाफ्याभोवतीची पानं तर हाताने वेचल्यासारखी काढली होती. म्हणजे त्याने माणूस ठेवला होता. अक्काला आधी बरं वाटलं, मग राग आला, आणि मग राग कशाचा आला हे तिचं तिलाच कळेना. पण दाताळं एवढं बसने आणलं होतं. ती मुकाट्याने आक्रोडाखालची पानं ओढू लागली.

अर्धंअधिक झालं असेल, तोच स्वयंपाकघराची खिडकी उघडली. आतून एका गोल चेहऱ्याच्या, पन्नाशी उलटलेल्या बाईने हात हलवला. अक्काने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"वन्सं!" बाई म्हणाली. "आज उशीर झाला का? या, आत या. आज काही मी तुम्हाला सोडत नाही!"

वन्सं? अक्काला वाटलं, घर चुकलं. तिने आक्रोडाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, छपरावरच्या त्या वाकड्या धुराड्याकडे पाहिलं. घर तेच होतं. तोवर बाई दार उघडून पायरीवर आली होती.

"तुम्ही कोण?" अक्काने विचारलं.

"अगं बाई! खरंच की, आपली ओळख कुठे झालीय! मी यांची बायको. वसंतात लग्न केलं आम्ही, कुणाला न सांगता. महिन्यात तीनदा माझी किल्ली आत राहिली आणि दार बाहेरून ओढलं गेलं. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, बाई, तुम्ही माझ्याच घरी राहायला या, ते स्वस्त पडेल." ती खळखळून हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "दर दोन दिवसांनी तुम्ही येता, पानं काढता, निघून जाता. मी म्हणायची, हाक मारू का? तर हे म्हणायचे, नको, हाक मारलीस तर ती येणं बंद करेल. अक्काचा स्वभावच तसा आहे. करायचं सगळं, बोलायचं काही नाही."

अक्काच्या हातातलं दाताळं निसटून पानांत पडलं. ती आज पहिल्यांदा आली होती. मग दर दोन दिवसांनी कोण येत होतं? ती "अहो, पण" म्हणते न म्हणते तोच बाईने तिचा दंड धरून तिला पायरी चढवली.

भाऊ टेबलाशी बसला होता, प्लास्टरातला पाय स्टुलावर, समोर एका जुन्या कुलपाचे सुटे भाग मांडलेले. केस पिकले होते. त्याने मान वर केली नाही.

"पाय पूस," तो म्हणाला.

अक्काने पायपुसण्यावर पाय पुसले. पुन्हा पुसले. नवी वहिनी चहाचं आधण ठेवत पाठमोरी उभी राहिली, पण तिचे कान इकडेच होते हे मानेवरून दिसत होतं.

"कुठलं हाड?" अक्काने विचारलं.

"घोट्याचं."

"वर ठेवतोस ते बरं करतोस. बोटं हलव बघू."

त्याने बोटं हलवली. मग कुलपाची एक स्प्रिंग उचलली, खाली ठेवली, परत उचलली, आणि तिच्याकडे बघत एकदम घडाघडा बोलायला लागला, जणू बरेच दिवस पाठ करून ठेवलेलं. "हे बघ, मी काही आंधळा नाही. पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तेव्हाच कळलं मला. इतक्या पहाटे, धुक्यात, या वयात वाकून पानं ओढतेस. मला लाज वाटली. गोटूला तुला न विचारता द्यायला नको होतं. पण त्याला मी टाकला नव्हता, अक्का. दर रविवारी जायचो बघायला. मागल्या हिवाळ्यात गेला तो, बेकरीच्या भट्टीशेजारी, उबेत. तुला कळवायचं होतं. कसं कळवावं ते समजेना."

अक्का खुर्चीत बसली. दर रविवारी! आणि ती इतकी वर्षं बेकरीच्या रस्त्याने जायचंही टाळत होती, कुत्रा दिसला तर रडू येईल म्हणून. पण हे सगळं तो तिला सांगत नव्हता. जी बाई पहाटे धुक्यात पानं ओढत होती तिला सांगत होता. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट आपण फोडून वाचावं तसं तिला झालं. गप्प बसावं? गप्प बसलं तर सगळं जुळून आलंय. कुणाचं काही बिघडत नाही. पण उद्या ती खरी बाई उगवली तर? आणि नाही उगवली, तरी हा चहा घशाखाली उतरायचा कसा?

"मी नव्हते," ती म्हणाली.

"काय नव्हतीस?"

"पानं काढणारी. मी आज पहिल्यांदा आले. औषधवाल्याने सांगितलं तेव्हा मला कळलं तू पडलास ते."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे. आणि दोघंही हसायला लागली.

"सांगितलं होतं ना तुला?" भाऊ म्हणाला. "लहानपणापासून हे असंच. माझ्या सदऱ्याला बटणं लावून द्यायची आणि म्हणायची, मी नाही, आईने लावली. चांगलं केलेलं कबूल करणं हिच्या जिवावर येतं."

"अरे, पण खरंच मी नाही!"

"वन्सं, मी डोळ्यांनी पाहिलंय," वहिनी म्हणाली. "हिरवा लांब कोट, डोक्याला रुमाल."

"माझ्याकडे हिरवा कोट नाही!"

"आज नाही घातला," भाऊ शांतपणे म्हणाला.

अक्काने कपाळावर हात मारला. खोटं बोलले असते तर कुणी शंका घेतली नसती, आणि खरं बोलतेय तर कुणी ऐकायला तयार नाही! क्षणभर तर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. कपाटात मागे कुठे एखादा हिरवा कोट आहे का, हे ती मनातल्या मनात चाचपू लागली.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. खर्र... खर्र... कुणीतरी पानं ओढत होतं.

अक्का इथे टेबलाशी, आणि पानं तिथे ओढली जाताहेत! वहिनीने चहाचा चमचा हातात तसाच धरून खिडकी गाठली. अक्का तिच्या खांद्यावरून पाहू लागली. आक्रोडाखाली हिरवा लांब कोट होता, डोक्याला रुमाल होता. कोट वाकला, पानांत पडलेलं अक्काचं दाताळं त्याने उचललं आणि ते उलटंसुलटं करून न्याहाळू लागला. मग तो वळला. रुमालाखाली पांढरी मिशी होती.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "हे तर चित्रकलेचे मास्तर!"

"कोण?" भाऊ ओरडला. "तो? माझ्या परसात? बोलव त्याला आत!"

शेजारचे मास्तर आत आले ते चोरी पकडल्यासारखे, दोन्ही हातांत दोन दाताळी घेऊन. भाऊ आणि मास्तर यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हे अक्काला पुढच्या दोन वाक्यांतच कळलं. आक्रोड मास्तरांचा, पानं भावाची. गेल्या पानगळीत भावाने कुंपणावरून निक्षून सांगितलं होतं, पुढच्या वर्षी माझ्या अंगणात खच पडला तर माझ्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवीन.

"म्हणून मी पहाटे येत होतो," मास्तर चाचरत म्हणाले. "पानंच दिसली नाहीत तर फांद्या राहतील, असं वाटलं. एका बाजूने तोडलं की झाड वाकडं होतं हो. माझ्या बायकोने लावलेलं आहे ते. आज सर्दीने उठायला उशीर झाला, बघतो तर अर्धी पानं गोळा झालेली आणि हे दाताळं पडलेलं. म्हटलं, तुम्हाला पानं दिसली, तुम्ही माणूस ठेवला, आता माझं झाड गेलं."

वहिनीने न विचारता चौथा कप काढला. भावाचा चेहरा आधी लाल झाला, मग तो कपाळ खाजवू लागला. एवढे दिवस ज्याला शिव्या घातल्या तो पानं काढत होता, आणि जिचे मनातल्या मनात पाय धरले ती तिकडे घरी झोपलेली!

"म्हणजे मी आत्ता जी माफी मागितली," तो हळूच म्हणाला, "ती कुणाची?"

"हवी तर परत घे," अक्का म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, तेही कळत नव्हतं.

त्याने कुलपाची स्प्रिंग उचलून जागेवर बसवली. "नको. राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "पण मग तू आज आलीस कशाला?"

"पानं काढायला."

"ती तर यांनी काढली होती."

"ते मला कुठे ठाऊक होतं?"

"पण मग मला तरी कुठे ठाऊक होतं, की तू—" भाऊ बोलता बोलता थांबला, मास्तरांकडे वळला आणि उगाचच खेकसला, "आणि तुम्ही रुमाल कशाला बांधता हो डोक्याला बायकांसारखा?"

"टक्कल आहे," मास्तर म्हणाले. "पहाटे गारठतं."

चहा झाल्यावर अक्का आणि मास्तर परसात गेले, कारण अर्धी पानं अजून तशीच होती. मास्तर उत्तरेकडून ओढत होते, अक्का दक्षिणेकडून. मध्ये ढीग जमला. फांद्या राहणार की जाणार हे मास्तरांनी विचारलं नाही आणि भावानेही सांगितलं नाही. तो खिडकीत स्टुलावर पाय ठेवून बसला होता आणि दोघांनाही सूचना देत होता, "वाफ्याच्या कडेला बघा! तिथे राहिलीयत!" अक्का दर वेळी "दिसतंय मला" म्हणायची आणि मग वाफ्याच्या कडेला जायची.

पोतं भरताना मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "आता पुढे कसं करायचं? मी येऊ, की तुम्ही याल?"

अक्काने खिडकीकडे पाहिलं. भाऊ काहीतरी ओरडत होता आणि वहिनी त्याच्या हातात टोस्ट कोंबत होती. आपण इथे पाहुणे आहोत, घरचे आहोत, की चुकून आत आलेलं कुणी, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

"विचारून सांगते," ती म्हणाली, आणि पोत्याचं तोंड बांधायला सुतळी शोधू लागली.