आंबिवलीचा कुकर, मुक्काम जर्मनी

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. ॲल्युमिनियमचा, पोटाशी जरा पोचे आलेला, दांड्याचा एक स्क्रू कायमचा ढिला. मूळचा आंबिवलीचा. सध्या जर्मनीतल्या एका लहानशा गावात, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, स्वप्नाच्या कपाटावर बसलेला असतो.

मी जन्मलो कारखान्यात, पण माझं खरं बारसं झालं कल्याणच्या बाजारात. शालनच्या लग्नात तिच्या सीताराममामांनी मला आहेर म्हणून घेतलं आणि दुकानातच माझ्या पोटावर नाव घालून घेतलं : ‘सौ. शालन हिस सीताराममामांकडून सप्रेम भेट.’ त्या दिवसापासून मी नुसता कुकर राहिलो नाही, कोणाचा तरी झालो.

शालनच्या दोन खोल्यांत मी भरपूर राबलो. सकाळी वरण-भात, रविवारी मटण, एरवी बटाटे. तिची लेक स्वप्ना ठाण्याच्या कॉलेजात जायला लागली, तेव्हा तिचा डबा माझ्या शिटीवर निघायचा. पाहुणे म्हणायचे, “वहिनी, तुमच्या कुकरची डाळ लोण्यासारखी होते हो!” शालन पदराला हात पुशीत नुसती हसायची. मग एका दिवाळीत तिच्या नवऱ्याने, महेंद्रने, चकचकीत स्टीलचा कुकर आणला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी फाटकी मच्छरदाणी आणि बिनचाकाची सुटकेस. कौतुक होतं त्या घरातही माळा असतोच, हे मला तेव्हा कळलं.

स्वप्नाला जर्मनीत प्रवेश मिळाला आणि शालनने मला खाली काढलं.

“अगं, त्याला पेन्शन द्यायची वेळ आली, आणि तू त्याला फॉरेनला पाठवतेयस?” महेंद्र म्हणाला. “नवा दे ना.”

“नव्याचं मला सांगू नका. हा हाताखालचा आहे. पोरीला दगा देणार नाही.”

पोकळ जागा वाया घालवणं आमच्या घरच्या रीतीत बसत नाही. तिने माझ्या पोटात काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि लोकरी मोजे कोंबले. सगळ्या चाळीने जयभीम करून निरोप दिला, आणि मी निघालो.

मित्रांनो, इथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मी दगा दिला.

इथली शेगडी काचेची. तिला जाळ नाही, आवाज नाही, आणि ॲल्युमिनियम तर तिला चालतच नाही. स्वप्नाने मला तिच्यावर ठेवलं. शेगडीने लाल डोळा मिचकावला, टुक टुक केलं आणि विझली. तो स्टीलचा कुकर असता, तर खुशाल चालला असता. पण शालनने मुलीला कामाचं दिलं नव्हतं, जिव्हाळ्याचं दिलं होतं. आईला हे सांगायचं कसं? स्वप्नाने सांगितलंच नाही. मला पुसून कपाटावर ठेवलं.

“जेवलीस का?” रोज फोनवर पहिला प्रश्न.

“हो गं. वरण-भात लावलेला.”

आणि पुढ्यात पाव आणि चटणी. चटणी संपल्यावर नुसता पाव.

इथे कोणी वाईट नाही, बरं का. फक्त सगळ्यांची दारं लावलेली. लांबलचक व्हरांड्यात पावलं वाजतात आणि थांबतात. रविवारी दुकानं बंद; पहिल्या रविवारी ती पिशवी घेऊन गावभर फिरली आणि रिकामी परत आली. थंडीत तर दुपार सरते न सरते तोच अंधार. सुट्टीच्या दिवशी ती आगगाडीत बसून कुठल्या कुठल्या गावाला जायची, चर्च, पूल, नदी यांचे फोटो काढून घरी पाठवायची आणि परत यायची. दिवसभरात एखाद्या तिकीट तपासनिसाशी काय बोलेल तेवढंच. मग खोलीत आल्यावर माझ्याशी मराठीत बोलायची.

“परत जाऊया का रे आपण?”

आधी हे गमतीत विचारायची. पुढे पुढे तिकिटं बघत विचारायला लागली. मी काय सांगणार? मला एकच भाषा येते, आणि तिला जाळ लागतो.

एका रविवारी शालनने फोनवर हट्टच धरला. “आज माझ्यासमोर कुकर लाव. शिटी ऐकल्याशिवाय मी फोन ठेवायची नाही.”

स्वप्नाने मला वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात नेलं. फोन भिंतीला टेकवला. डाळ धुतली, हळद घातली, झाकण लावलं. शेगडीने डोळा मिचकावला, टुक टुक केलं आणि विझली.

“काय गं, गॅस संपला?”

“आई, हा इथे चालत नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग इतके दिवस वरण?”

स्वप्नाने माझं झाकण काढलं. मला वाटलं, आता शालन ओरडेल. ती हळूच म्हणाली, “तुझ्या एवढ्या फोटोंत एकातही तू नाहीस. तेव्हाच मनात आलेलं, हिचा फोटो काढायलाही कोणी नाही.”

“आई, मला घरी यायचंय.” पोरीने तोंड ओढणीत खुपसलं.

मागून महेंद्र म्हणाला, “ये की. घर काय पळून गेलंय?”

“येऊ दे, मी कुठे नाही म्हणतेय?” शालन म्हणाली. “पण आज उपाशी निजायचं नाही. जा, कोणाकडे तरी पातेलं माग.”

“इथे असं मागत नाहीत गं.”

“तू मागून बघितलंस?”

स्वप्ना गेली. समोरचं दार वाजवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग ती आली, हातात पातेलं आणि मागे एक उंच, विस्कटल्या केसांची मुलगी. तिचं नाव नीनो, देश जॉर्जिया. तीही शिकायलाच आलेली.

“तू बोलतेस?” नीनो इंग्रजीत म्हणाली. “आम्हाला वाटायचं, तुला आम्ही आवडत नाही. तुझं दार नेहमी बंद.”

“माझं? अगं, तुमचीच दारं बंद असतात!”

फोनमधून शालन ओरडली, “हॅलो बेटा! डाळ ढवळत राहायची हां, खाली लागेल!” नीनोला एक अक्षर कळलं नाही, पण तिने चमचा उचलला.

मित्रांनो, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. दोघी ओट्याला टेकून उभ्या. नीनोने माझ्या पोटावरून बोट फिरवलं. “हे काय लिहिलंय?” स्वप्नाने मामा सांगितले, लग्न सांगितलं, आंबिवली सांगितली. नीनोने तिची आजी सांगितली. वासाने आणखी दोघेजण दारातून डोकावले. डाळ अजून कचकचीतच होती.

मी बाजूला पडून ऐकत होतो आणि मला एकदम उमगलं. मी चाललो असतो, तर चुटकीसरशी डाळ झाली असती. स्वप्ना ती खोलीत नेऊन, दार लावून, एकटीच जेवली असती. मी निकामी ठरलो, तोच माझ्या हातून घडलेला सगळ्यात मोठा उपयोग.

स्वप्नाने त्यानंतर तिकिटं बघितली नाहीत असं नाही. पण काढलं एकही नाही. आत्ता ती नीनोबरोबर समुद्र बघायला गेली आहे. खोलीत मी एकटा. माझ्या पोटात कांदे ठेवलेत, त्यातल्या एकाला कोंब फुटलाय. शिटीची आठवण येते, खोटं कशाला बोलू? रविवारी तर फारच येते. पण ही खोली आता सुट्टीपुरती रिकामी आहे. पूर्वी ती स्वप्ना आत असतानाही रिकामी असायची.

तेव्हा मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, एवढंच माझं मागणं नाही. तुमच्या जिन्यात, तुमच्या वर्गात कोणी नवीन आलं असेल, दार लावून बसत असेल, तर त्याच्या दारावर टकटक करा. वाटीभर साखर मागा. घरात डबा भरून साखर असली, तरी मागा.