न लावलेला हात

दार उघडलं ते साखळीपुरतंच. फटीतून ग्लादिसने पाहिलं ते थेट अलकाताईंच्या डोळ्यांत. बाळ झोपलंय एवढं सांगून तिने दार लावून घेतलं, तेही लागोपाठ दुसऱ्यांदा.

अलकाताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हेल्थ व्हिजिटर म्हणून, तान्ह्या बाळांची तपासणी करत, इंग्लंडातल्या वॉटफर्डमधली घरं हिंडण्यात त्यांची उमर गेली होती. कुठे पाणी मुरतंय ते आपल्याला जिन्यातच कळतं, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं. ग्लादिस बोलिव्हियाची, पहाटे ऑफिसं झाडायला जाणारी. नवऱ्याच्या व्हिसाचं काही खरं नसावं. मागच्या आठवड्यात चर्चच्या हॉलमधल्या बेबी क्लिनिकला ती हसतमुखाने आली होती. "अगदी बाहुली आहे," अलकाताई म्हणाल्या, तशी ती बाळ पुन्हापुन्हा त्यांच्यापुढे धरू लागली. पण त्यांना सर्दी झालेली. हात पाठीमागे बांधून त्या लांबच उभ्या राहिल्या आणि वजन पुढच्या वेळी करू म्हणाल्या. आता ही बाई बाळ दाखवतच नाही, म्हणजे अंगावर वळ असणार. सोशल सर्व्हिसेसना फोन करायचा, हे त्यांनी जिना उतरता उतरता ठरवून टाकलं.

त्याआधी त्या हॉलवर अंपारोकडे गेल्या. अंपारो कोलंबियाची, क्लिनिकला चहाही तीच करायची आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांचं म्हणणंही तीच समजावून सांगायची. नवरा मारतो का, असं अलकाताईंनी आडून विचारलं. अंपारोने नकारार्थी मान हलवली.

"मिस, तुम्ही बाळाचं कौतुक केलंत आणि हात लावला नाहीत. आमच्यात तशीच दृष्ट लागते. ती तुम्हाला घाबरते."

अलकाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अलकाताई स्वतः दर अमावास्येला नातीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या. जगातल्या कुणाचीही दृष्ट लागू शकते हे त्यांना मान्य होतं, फक्त स्वतःची सोडून. इतकी वर्षं लोकांची पोरं सांभाळली ती हे ऐकायला का, असं त्या म्हणणारच होत्या. तेवढ्यात अंपारो म्हणाली की पोरीला परवापासून जुलाब होतायत, दूधही घेत नाहीये. मग राग कुठल्या कुठे गेला.

दोघी तशाच निघाल्या. दाराच्या फटीतून अलकाताई एवढंच म्हणाल्या, "मला तिला हात लावू दे." अंपारोने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि साखळी निघाली.

अंगावर कुठेही वळ नव्हता. अलकाताईंना स्वतःची लाज वाटली. पण टाळू खोल गेलेली, जीभ कोरडी आणि रडण्याचंही त्राण नाही. त्यांनी हॉस्पिटलचं नाव काढताच ग्लादिस दाराआड सरकली. तिला भीती होती, तिथे पोलीस येतील, नवऱ्याला नेतील. कोणी येणार नाही आणि मी बरोबर असेन, असं अलकाताईंनी परोपरीने सांगितलं. शेवटी ती तयार झाली, पण टॅक्सीत तिने अलकाताईंचा हात बाळाच्या डोक्यावरून हलू दिला नाही. सलाईन लावलं आणि पोर वाचली.

पुढच्या क्लिनिकला हॉल गच्च भरला. एरवी विनवण्या करूनही ज्या फिरकत नव्हत्या, त्याही बायका आल्या होत्या. मात्र अलकाताई आत शिरताच एकेकीने बाळाच्या तोंडावर शाल ओढली. ग्लादिस पुढे आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले. तिचं बोलणं अंपारोने सांगितलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय, म्हणून त्या बाळांना तुमचा हात लावून घ्यायला आल्यात. जी दृष्ट तुम्ही लावलीत, ती तुम्हीच काढलीत. तुमची नजर जड आहे, मिस, पण मन वाईट नाही."

अलकाताईंना रडूच आलं, अपमानाचं. अगं, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं, सलाईनने ती वाचली, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. अंपारो भाषांतरासाठी थांबली. तेवढ्यात समोरच्या शालीखालून एक पाय बाहेर आला, नुसती कातडी आणि हाड. या बाळाच्या आईची दृष्ट लागण्याची भीती गेली तर ती पुढच्या आठवड्यात कशाला येईल?

त्यांनी तोंड मिटलं. कौतुकाचा एक शब्दही न काढता त्या शालीवर हात ठेवला. मग त्या आईने शाल बाजूला केली.