साहेबांचा रुमाल

आमचे साहेब फार हुशार. हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे बाकी कोणाला तसदी घ्यावी लागत नाही.

आमची प्रयोगशाळा समुद्राला लागून आहे. प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात जे रसायन घालतात, त्याचं समुद्राच्या हवेत काय होतं, हे आम्ही तपासतो. आम्ही म्हणजे मी. प्लास्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे करायचे, एक फ्रीझरमध्ये, दुसरा दोन महिने गच्चीवर, मग दोन्ही रसायनं मोजायच्या यंत्रात. गच्चीवरच्या तुकड्यात मूळ रसायन उरलंच नव्हतं. हवेतल्या ओझोननं त्याचं दुसरंच रसायन करून ठेवलं होतं. ते जास्त विषारी होतं आणि जवळपास तेवढंच भरलं.

साहेबांनी अर्धंच वाचलं. अहवालात लिहिलं, ‘समुद्राच्या हवेत रसायन नष्ट होते.’ दुसऱ्या रसायनाचा आलेख म्हणे पानात मावत नव्हता! चहात साखर विरघळली की ती नष्ट झाली म्हणतील असा हा माणूस. या अहवालाच्या भरवशावर किनाऱ्यावरच्या शाळेच्या पटांगणात तेच रसायन घातलेलं प्लास्टिकचं गवत अंथरणार होते. माझी भाची त्याच पटांगणात दिवसभर लोळते. पण यंत्र मी चालवते, म्हणून अहवालावर सही माझी लागत होती. मी नाही म्हटलं.

त्यावर साहेब एकदम गोड झाले. “ताई, कशाला उगाच राईचा पर्वत करता? नष्ट झालं ना? मग संपलं!”

दुसऱ्या दिवशी गवताच्या कंपनीचे पाहुणे येणार होते. गच्चीवर ‘आमची हवा, आमचा अभिमान’ असा प्लास्टिकचा फलक वर्षभर लटकतोय. त्यावर पांढरी भुकटी धरली होती. त्या सकाळी साहेबांनी ती स्वतःच्या रुमालानं पुसली. मग त्याच रुमालानं कपाळ पुसलं, मान पुसली, ओठही पुसले. दमले होते बिचारे! रुमाल माझ्या टेबलावर विसरून ते पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

मी रुमालाचा कोपरा कापला, द्रावकात भिजवला आणि ते द्रावण यंत्रात घातलं. मूळ रसायन शून्य. दुसऱ्याचा आलेख मात्र खरंच पानात मावेना.

साहेब जेवून आले ते घामाघूम होऊनच. “करा सही. पाहुणे खाली थांबलेत.”

“करते की. आधी घाम पुसा,” म्हणत मी रुमाल पुढे केला, आणि त्यावर आलेखाचा कागद ठेवला.

साहेबांनी कागद वाचला. या वेळी पूर्ण वाचला. रुमालाकडे निघालेला हात मध्येच थांबला.

“घ्या ना, साहेब. नष्ट झालंय ते.”

साहेबांनी रुमाल घेतला नाही. जीभ ओठांवरून फिरायला लागली होती, ती त्यांनी घाईघाईनं आत घेतली.

मी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. “‘नष्ट’ खोडा, आलेख लावा. लगेच सही करते.”

“खोडतो,” साहेब म्हणाले, आणि आधी तोंड धुवायला पळाले.